शेवटून दुसरा

आमचे साडू ज्या कार्यक्रमाला जातात, तो कार्यक्रम आधी संपतो आणि साडू मागाहून संपतात. अख्ख्या सौदी अरेबियात इतकं शेवटपर्यंत थांबणारा माणूस दुसरा नसेल, आणि नसेल तेच बरं. नाहीतर या देशातला एकही हॉल वेळेवर बंद झाला नसता. जेद्दाला आम्हा मराठी मंडळींचं वर्षातून एकदोनदा स्नेहभोजन असतं. श्रीखंड खरवडून संपतं, केटरर पातेली गाडीत चढवतो, बायका आपापल्या डब्यांची झाकणं शोधून थकतात, पोरं पेंगायला लागतात, पण साडू आपले दाराशी उभे. आतून शेवटचा माणूस बाहेर पडला की त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या आणि मग पुन्हा आत डोकावून विचारायचं, "आणखी कोण राहिलंय का?" राहिलेला बहुधा झाडूवाला असतो. मग त्याच्यासाठीही टाळ्या. इथे थिएटरं सुरू झाल्यापासून तर विचारूच नका. पडद्यावरची नावं संपून दिवे लागले तरी मागच्या रांगेतलं शेवटचं जोडपं उठेपर्यंत हे खुर्ची सोडत नाहीत. ते जोडपं बिचारं हे गृहस्थ कधी उठतात याचीच वाट बघत असतं.

एकदा मी मुंबईहून परत आलो तेव्हा ते मला घ्यायला विमानतळावर आले होते. मी बॅगा ढकलत बाहेर आलो, म्हटलं चला, तर हे म्हणाले, "थांबा हो, तुमचं विमान अजून संपलं नाही." आम्ही थांबलो. मक्केला उमऱ्याच्या यात्रेसाठी आलेली मंडळी गेली, कामगारांचे घोळके गेले, आणि सगळ्यांच्या शेवटी एक म्हातारेबुवा काठी टेकत बाहेर आले. साडूंनी इतक्या प्रेमाने टाळ्या वाजवल्या की बुवांना वाटलं, आपल्याला न्यायलाच हा माणूस आलाय. त्यांनी आपली पिशवी साडूंच्या हातात दिली आणि मुकाट्याने आमच्या गाडीत जाऊन बसले. त्यांचा टूरवाला घामाघूम होऊन धावत येईपर्यंत बुवा मागच्या सीटवर छान डोळे मिटून पडले होते. मी वैतागलो होतो. साडू मात्र दिवसभर खूश होते.

या सगळ्याचं मूळ अमेरिकेतल्या एका कॉलेजात आहे. साडू मूळचे मिरजेचे. त्यांच्या वडिलांच्या ओळखीच्या एका मिशनरी डॉक्टरांनी खटपट करून त्यांना आयोवा नावाच्या राज्यातल्या एका कॉलेजात स्कॉलरशिप मिळवून दिली. तिथे चहूकडे मक्याची शेतं आहेत आणि मका मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबतो तिथे गावं आहेत, असं साडूंचं वर्णन. कॉलेज एवढंसं की आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या शाळेच्या गॅदरिंगला याहून जास्त पालक येत असतील. गणिताच्या वर्गात चार मुलं. एखादा आला नाही तर प्राध्यापक वर्ग थांबवून त्याच्या हॉस्टेलवर फोन करायचे आणि तो तोंडात टूथब्रश घेऊन येईपर्यंत बाकीच्यांशी मासेमारीच्या गप्पा मारायचे. रविवारी कुणा प्राध्यापकाच्या घरी सूप असायचं आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा असायचा. साडू दर रविवारी पोहे न्यायचे. ती माणसं त्यावर मेपलचा पाक ओतून खायची. "पण संपवायची हो," साडू सांगतात, "एक दाणा ठेवायची नाहीत." नाचाच्या कार्यक्रमांत यांना नाचता येत नसे, म्हणून हे सगळ्यांचे कोट सांभाळत उभे राहायचे. कुणाचा कोट कसा, कुणाच्या खिशात काय, हे त्यांना आजही पाठ आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हे गृहस्थ कॉलेजच्या टीममध्ये होते. क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे शेताबांधांवरून लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या. त्या टीमला पाच पोरं लागतात, त्यांच्याकडे चारच होती. मेस बंद व्हायच्या वेळेला हा मिरजेचा मुलगा जिवाच्या आकांताने पळताना कोचने एकदा पाहिला आणि पाचवा माणूस मिळाला.

या शर्यतींत एक रीत असते म्हणे. पहिला आलेला पोरगा आंघोळीला जात नाही. दोन्ही टीम, कोच, पालक, सगळे रेषेपाशी थांबतात आणि शेवटचा धावणारा येईपर्यंत टाळ्या वाजवत राहतात. तो शेवटचा बहुतेक वेळा आमचे साडू. हे आम्ही म्हणतो. साडू म्हणत नाहीत. "शेवटचा नव्हे," ते फणकाऱ्याने सांगतात, "शेवटून दुसरा." चार वर्षं, सगळ्या शर्यती, शेवटून दुसरा. यावर आमच्या मेव्हणीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी निवडतानासुद्धा मान वर न करता म्हणतात, "मग शेवटचा कोण होता? त्याचं नाव सांगा की एकदा." साडू नाव सांगत नसत. उठून बाल्कनीत जायचे. आम्ही हसायचो. इतकी वर्षं हा आमच्या घरचा हमखास विनोद होता.

साडू राहतात किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत. तिथल्या एका कारखान्यातली थंडगार गोदामं त्यांच्या ताब्यात आहेत. जेद्दाहून गाडीने तासाभरापेक्षा जास्त लागतो. त्यांच्या घरापलीकडे एक मोठा भाग अजून वसायचा आहे. रस्ते झालेत, खजुरीची झाडं ओळीने लागलीत, दिवे वेळेवर लागतात, सिग्नलसुद्धा लाल-हिरवे होतात, फक्त माणसं यायची राहिलीत. घराघरांच्या खिडक्यांवर अजून निळा कागद आहे. तिथल्या शांततेत आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच नको वाटतो. साडूंना मात्र धावायला तीच जागा आवडते. दर शुक्रवारी ऊन उतरलं की ढगळ चड्डी घालून निघायचं आणि त्या रिकाम्या रस्त्यांवर फेरी मारायची. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, मेव्हणी ओरडते, तरी जायचं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना गेटवरच्या नेपाळी गार्डने माझी गाडी थांबवली. मला वाटलं इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, बघायचा असेल. तो काच खाली करायला लावून म्हणाला, "साब, वो आपके अंकल हैं ना, उनके पीछे जो लडका भागता है, उसको बोलो थोडा पानी पिया करे. बहुत कमजोर है. कभी रुकता ही नहीं." मी इन्शुरन्सच्या क्लेम खात्यातला माणूस. लोक सांगतात ते खोटं धरून चालायचाच मला पगार मिळतो. कुणीतरी फिलिपिनो पोरगा व्यायामाला येत असेल, म्हणून सोडून दिलं आणि चहाच्या वेळी साडूंना गमतीने सांगितलं. साडूंच्या हातातली बशी खाली आली. "त्याला दिसला?" ते म्हणाले. मेव्हणी आणि आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. पहिल्याच शर्यतीत, धुक्यात, मक्याच्या कडेने धावताना त्यांना आपल्या मागे बुटांचा आवाज आला होता. जड, दमलेला. यांना बरं वाटलं, की चला, आपल्याहून हळू कुणीतरी आहे. कोचने बजावलं होतं की धावताना मागे वळून पाहायचं नाही, म्हणून यांनी पाहिलं नाही. हे रेषेवर पोचले, टाळ्या झाल्या, आणि सगळे सामान आवरून निघाले. मागचा आलाच नव्हता. "मला वाटलं, सांगावं," साडू म्हणाले. "पण मी एकटा हिंदी पोरगा. नवीन देश. वेडा म्हणाले असते हो. मग पुढच्या शर्यतीत पुन्हा तेच. मी थांबलो की तोही थांबायचा. मी चाललो की चालायचा. चार वर्षं तो माझ्या मागे होता आणि चार वर्षं लोक मी आलो की घरी गेले. त्याच्यासाठी कुणी थांबलं नाही. तेवढंच हवं असणार त्याला." मेव्हणीने विचारलं, "आणि आता? आता कशाला आलाय इथे?" साडू म्हणाले, "कॉलेज बंद होतंय. मुलं मिळत नाहीत, पैसे संपले. मे महिन्यात शेवटचा पदवीदान समारंभ, मग खलास. जमीन शेतकऱ्याला विकणार. ती रेषा नांगरून टाकतील. मग तो जाईल कुठे? त्याला माझ्याशिवाय ओळखतंय कोण?" मला हसायला यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला.

पदवीदानाच्या दिवशी तिथे सकाळ होती तेव्हा इथे संध्याकाळ. साडूंनी आम्हाला खास बोलावून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ते धावून आल्यावर कुणी हलायचं नाही. कॉलेज आहे तोवर, निदान एकदा, मागच्याला माणसांनी आत घ्यायला हवं. मेव्हणी आदल्या दिवसापर्यंत भांडत होती. "ह्या उकाड्यात पळायचं वय आहे का हो? काही झालं म्हणजे?" पण त्या संध्याकाळी तिनेच लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, दोन बाटल्या पिशवीत घातल्या आणि त्या रिकाम्या रस्त्यावर आडवी, सरळ, पांढऱ्या रांगोळीची रेघ ओढली. आम्ही तिघे रेघेपाशी उभे राहिलो. मी आणि दोन बहिणी, आणि दोन्ही बाजूंना निळे कागद लावलेल्या खिडक्या. वारा पडला होता. मला राहून राहून वाटत होतं की कुणी ओळखीचं पाहिलं तर काय सांगणार.

साडू दिसले तेव्हा त्यांचा तोंडवळा ओळखू येईना, इतका चेहरा लाल झाला होता. एक पाय ओढत होते. मेव्हणी टाळ्या वाजवायच्या आधी "सावकाश, अहो सावकाश" म्हणत रडायलाच लागली. ते कसेबसे रेघ ओलांडून आले, गुडघ्यांवर हात टेकून, रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, "थांबू नका. वाजवा." आम्ही वाजवत राहिलो. समोर रस्ता रिकामा. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, दिवे एकदम लागले, तरी रिकामा. गार्डची गाडी आली. तो उतरला, काय चाललंय हेही न विचारता आमच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "राउंडअबाउट तक तो साथ में थे. आता होगा." आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

मग मी एक पाहिलं, ते मला कुठल्याही क्लेममध्ये मान्य झालं नसतं. मेव्हणी, आमची ही आणि तो गार्ड, तिघांच्या नजरा रस्त्याच्या टोकाला लागल्या होत्या, आणि त्या तिघांचे डोळे एकाच वेळी, एकाच गतीने, हळूहळू अलीकडे येऊ लागले. दमलेला माणूस जितक्या सावकाश येईल तितक्या सावकाश. गार्डच्या टाळ्या जलद झाल्या. ही "या, या, आलंच" असं पुटपुटत होती, घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. रेघेपाशी मेव्हणी एक पाऊल बाजूला सरकली आणि तिने वाट करून दिली. साडूंनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "आला का?" तीस वर्षं त्यांची थट्टा केलेली ती बाई डोळे पुसत म्हणाली, "आला हो. आला एकदाचा." तेव्हा साडू वळले. त्यांनी काय पाहिलं ते मला माहीत नाही. ते फक्त हसले, आणि "वेल रन," म्हणाले. मेव्हणीने दुसरी बाटली उघडून पुढे केली. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

परत येताना गाडीत मी हिला विचारलं, "तुला खरंच कोणी दिसलं?" ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मलाच काहीतरी झालंय. "म्हणजे? तुम्हाला नाही दिसला? किती कोवळा होता हो. अजून मिशीसुद्धा फुटली नव्हती." मग जेद्दा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली.

साडू आता बदललेत. जेवण झालं, विडा तोंडात टाकला की निघतात. शुक्रवारी धावतात, पण गार्ड म्हणतो, एकटेच असतात. झोप छान लागते म्हणे. केटरर खूश आहे, आमची पोरं खूश आहेत, मीही असायला हवा. पण परवाच्या स्नेहभोजनाला ते लवकर निघून गेले तेव्हा मला त्या हॉलमध्ये फार एकटं वाटलं. त्या रस्त्यावर उभ्या असलेल्यांत काहीच न दिसलेला मी एकटाच, आणि हे साडूंना सांगायचं मला अजून धैर्य झालेलं नाही. त्यांची समजूत अशी आहे की मी त्या पोरासाठीच टाळ्या वाजवत होतो. आणि तसं पाहिलं तर वाजवतच होतो.