बंद ठेवलेली मोटार

आमच्या वसाहतीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. चिकलठाण्याच्या बाजूला राहणारी माणसं एक वेळ सणवार विसरतील, पण पाण्याचा दिवस विसरायची नाहीत. अशा ठिकाणी मी बाग ठेवली म्हणून नवरा मला अधूनमधून कोपरापासून हात जोडतो. बाग म्हणजे तरी काय, एक पेरू, दोन जास्वंदी, कढीपत्ता आणि कुंपणाच्या भिंतीवर चढलेली मधुमालती. शिवाय सावलीत मातीची एक थाळी, पाखरांच्या पाण्याची. उन्हाळ्यात त्या एवढ्याशा थाळीवर साळुंक्या, चिमण्या, खारी सगळे येतात, आणि सातभाई तर वरातीला आल्यासारखे भांडत येतात. एखादं धुणं पुढं ढकलीन, पण ती थाळी मी कधी कोरडी ठेवली नाही.

भिंतीपलीकडे शेजारीण राहते. माहेर कन्नड तालुक्यातलं, शेतकऱ्याच्या घरची. तिनं थेट नळालाच मोटार जोडली होती. शेजारी मोटार सुरू झाली की लाइनीतलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि आपल्या नळाला करंगळीएवढी धार उरते. यावरून मी तिला दोनदा बोलले होते. मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. माझं बोलणं म्हणजे समोरच्याला बाकावर उभं करणं. त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

मागच्या एप्रिलमध्ये मधुमालतीत बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. वाटीएवढं, भिंतीच्या अगदी कडेला. तीन पिल्लं निघाली. मी दुर्बीण नसल्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून, हातातलं लाटणं तसंच धरून बघत बसायची. त्या दिवसांत घरी पोळ्या बऱ्याच करपल्या.

मग पाण्याचा दिवस आला. सकाळी नळ जोरात सुटला, आणि शेजारची मोटार अजून सुरू नव्हती. आमची टाकी भरली. तिथंच मी नळ बंद करायला हवा होता. पण मनात आलं, आता उरलेलं सगळं पाणी हिच्याच घरात जाणार. त्यापेक्षा माझ्या झाडांना गेलेलं काय वाईट? मी पाइप घेतला आणि धुळीनं माखलेली मधुमालती धुवायला लागले. घरटं उजवीकडे होतं, मी डावीकडे पाणी मारत होते, एवढी काळजी घेतली होती. पण भिजून वेल जड झाला, भिंतीवरून सुटला आणि सगळा भार घेऊन खाली आला. घरटं उलटं पडलं.

एक पिल्लू जागच्या जागी गेलं. दोन चिखलात चोच वासून पडलेली. मी पाइप टाकला आणि नुसती उभी राहिले. त्यांना उचलायचा धीर होईना, कारण माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई टाकून देते, असं मीच तीस वर्षं मुलांना वर्गात सांगत आले होते.

मोटारीचं बटण दाबायला शेजारीण बाहेर आली होती. तिनं भिंतीवरून पाहिलं, आत गेली, आणि मागं फिरून फाटकातून सरळ आमच्या अंगणात आली. हातात देवाच्या फुलांची परडी आणि कूलरच्या जाळीतलं मूठभर कोरडं गवत. तिनं पिल्लं उचलली, पदरानं टिपली. मी हात लावण्याबद्दल काहीतरी पुटपुटले.

"हातानं काय होत नाय, बाई," ती म्हणाली. "आईला लेकराचा आवाज गेला पाहिजे. तेवढा जाऊ द्या."

आम्ही दोघींनी परडीत गवत घालून त्यात पिल्लं ठेवली आणि उरलेल्या वेलात, घरटं होतं त्याच जागी, परडी नाडीनं घट्ट बांधली. मग माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिलो. पिल्लांचा आवाज अगदी बारीक होता. बुलबुल तारेवर बसून ओरडत होते, खाली येत नव्हते. अर्धा तास गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नळाची वेळ संपत आलीय आणि हिची टाकी रिकामी आहे. मी तिला तसं म्हटलं.

"मोटार लावली तर त्यांचं चिवचिवणं ऐकू जायचं नाय," ती म्हणाली आणि खिडकीतून नजर काढली नाही.

नळ गेला. त्यानंतर थोड्याच वेळात बुलबुलाची मादी चोचीत किडा घेऊन परडीच्या काठावर उतरली. मला रडू आलं, आणि दोन वर्षं जिच्याशी बोलले नव्हते तिच्यासमोरच आलं. मी तिचे आभार मानले, माझी चूकही सांगितली, पाणी तिला मिळू नये म्हणून वेलावर मारत होते तेही. तिनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवा म्हणाली. संध्याकाळी आमच्या टाकीतलं अर्धं पाणी त्याच पाइपनं भिंतीपलीकडे गेलं. नवऱ्यानं पुन्हा हात जोडले, पण या वेळी पाइप धरून उभा तोच होता.

मेलेलं पिल्लू मी पेरूखाली पुरलं. त्याचं अजून वाईट वाटतं. उरलेली दोघं आठवडाभरात परडीच्या काठावर येऊन बसली, आणि एके सकाळी परडी रिकामी दिसली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी नळ सुटला तरी मोटारीचा आवाज येईना. मी अंगणात गेले. शेजारीण बटणावर बोट ठेवून भिंतीपाशी थांबली होती. तिनं विचारलं, "गेली का लेकरं? मग लावू का?"

"लावा," मी म्हटलं.

धार लगेच करंगळीएवढी झाली. मी नळाखाली पाखरांची थाळी धरली आणि ती भरेपर्यंत उभी राहिले.