राहुकाळातली सभा

आमच्या यांनी संरक्षण खात्याच्या कारखान्यातली फोरमनची नोकरी सोडली, तेव्हा पन्नाशीला दोन-तीन वर्षं कमी होती. सोडली का, तर वरच्या साहेबाशी पटेना. "आता यापुढे कुणाच्या हाताखाली काम करणार नाही," असं त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं. फोडणी करपू नये म्हणून मी आधी गॅस बंद केला आणि मग त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरून कळलं की समजावण्यात अर्थ नाही.

मग चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेतली, बँकेचं कर्ज काढून दोन लेथ मशिनं आणली, आणि पंप बनवणाऱ्या एका कंपनीला पितळी बुशिंगं, म्हणजे दांड्याभोवती बसणारी छोटी नळकांडी, पुरवायला सुरुवात केली. मी अण्णा नगरहून बसने जाऊन बिलं लिहायचे. सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला जातो हे मला पहिल्यापासून खटकत होतं. पण पैसे वेळेवर येत होते, यांचा आवाज घरात पुन्हा मोठा झाला होता, आणि मला तो आवडत होता. म्हणून मी काही बोलले नाही.

दोन हजार साल उलटून थोडे दिवस झाले आणि कंपनीचे पैसे यायचे थांबले. कंपनी बुडाली असं कुणी म्हणत नव्हतं. 'पुनर्रचना' म्हणत होते. आम्हाला जाडजूड पाकीट आलं. त्यातल्या योजनेचं सार एवढंच होतं की आमच्यासारख्या विनातारण धनकोंना, म्हणजे काही गहाण न घेता विश्वासावर उधार देऊन बसलेल्यांना, रुपयाला पस्तीस पैसे मिळतील, तेही हप्त्यांनी, आणि पहिला हप्ता पुढच्या वर्षी. बँक आमच्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हती. ही योजना पास झाली तर शेड बंद करायची आणि यांनी पुन्हा कुठेतरी नोकरी शोधायची, हे आम्हा दोघांनाही न बोलता समजलं.

या गोष्टीला एक चांगली बाजू होती. हायकोर्ट अशा योजनेला सरळ हो म्हणत नाही. आधी ते ज्यांचे पैसे अडकलेत त्यांची सभा भरवायला लावतं, सभेवर आपला एक वकील अध्यक्ष म्हणून नेमतं, आणि त्याचा अहवाल आला की मगच मंजुरीचा विचार करतं. सभेत दोन कसोट्या. अडकलेल्या रकमेचा रुपयाला बारा आणे हिस्सा बाजूने हवा, आणि डोकी मोजली तर निम्म्याहून जास्त हवीत. रक्कम मोठ्या पोलाद व्यापाऱ्यांकडे होती आणि ते कंपनीच्या बाजूने होते. पण डोकी आमची जास्त होती. गिंडीतले छोटे पुरवठादार एकजुटीने 'नाही' म्हणाले असते, तर योजना तिथेच पडली असती. मग कंपनीला आमच्याशी नीट बोलावं लागलं असतं.

ही मोट बांधली ती आमच्या शेजारच्या शेडवाल्यांनी. ते स्प्रिंगा बनवायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, खिशाला चार पेनं, आणि सगळ्या वसाहतीत शब्दाला मान. आमचं बोलणं तमिळ, हिंदी आणि इंग्रजीच्या खिचडीत चालायचं. ते एकेका शेडमध्ये जाऊन लोकांना पटवून आले. यांना बोलण्याचा कंटाळा, आणि लेथ सोडून जायचं जिवावर यायचं, म्हणून यांनी आपल्या वतीने मत द्यायला माझं नाव कळवून ठेवलं.

सभा तमिळ पंचांगातल्या आडी महिन्यातल्या एका शुक्रवारी ठेवली होती. आडीमध्ये तिथे लग्नं होत नाहीत, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि स्वस्तात मिळतात. कंपनीने गिंडीजवळचं असंच एक कार्यालय घेतलं होतं. वेळ साडेदहाची. नावनोंदणीचं टेबलही बरोबर साडेदहालाच मांडलं. मी पोचले तेव्हा आमचे सगळे पुरवठादार बाहेर झाडाखाली उभे होते, आणि कुणी हलायला तयार नव्हतं.

शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो. महाराष्ट्रातही पंचांगात तो छापलेला असतो, पण आमच्या माहेरी त्याच्यासाठी कुणी अडून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. चेन्नईत मात्र चांगली शिकलेली माणसंही त्या दीड तासात नवं काम हाती घेत नाहीत, सही तर नाहीच नाही. तारीख ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नाही की मुद्दाम लक्षात ठेवूनच ठरवली, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुरेशी माणसं आत नव्हती म्हणून अध्यक्षांनी अर्धा तास सभा थांबवली. कोर्टाच्या हुकुमात तसंच लिहिलं होतं, आणि पुढे असंही की अर्ध्या तासानंतर जे असतील तेवढ्यांवर सभा चालेल. मी ते वाचलं आणि धावत बाहेर आले.

"आत चला," मी शेजाऱ्यांना म्हटलं. "अकरा वाजता सुरू करणार. बाहेरची डोकी कुणी मोजत नाही."

"राहुकालात सही नको, अम्मा. या वेळेला केलेलं काही टिकत नाही."

"न केलेलं तरी टिकणार आहे का?"

त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. "तुम्हा लोकांना याचं बंधन नाही. तुम्ही आत बसा. बारापर्यंत मत घेऊ देऊ नका. बारा वाजले की आम्ही सगळे आलोच."

मला रागही आला आणि हसूही. एका बाजूला आमचा संसार टांगणीला लागलेला, आणि हे लोक ग्रहांच्या सोयीने येणार. पण त्यांच्यावर चिडून उपयोग नव्हता, म्हणून मी आत जाऊन पहिल्या रांगेत बसले.

अकराला सभा सुरू झाली. आत पोलाद व्यापाऱ्यांचे मॅनेजर होते, कंपनीच्याच नात्यातल्या दोन-तीन फर्मांचे लोक होते, आणि मागे एक म्हातारे गृहस्थ पंख्याखाली पेंगत होते. कंपनीचे वकील उठले आणि म्हणाले, योजना सगळ्यांना पोस्टाने मिळालेली आहे, तेव्हा ती वाचलीच असं धरून मतदान घेऊ या.

मी उभी राहिले. आयुष्यात मी कधी सभेत बोलले नव्हते. भिशीतसुद्धा माझी पाळी आली की मी दुसरीला बोलायला लावायचे. "वाचलेली नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "पूर्ण वाचून दाखवा."

"सगळी?" वकिलांनी विचारलं.

"सगळी. आणि प्रत्येक कलमाचा अर्थ तमिळमध्येही सांगा. नोटीस दोन्ही भाषांत आली होती, मग सभा एका भाषेत का?"

"मॅडम, तुम्हाला तमिळ येतं?"

माझं तमिळ भाजी, दूध आणि रिक्षापुरतं होतं. "शिकतेय," मी म्हणाले. पोलादवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. अध्यक्ष, काळ्या कोटातले ठेंगणेसे वकील, हसले नाहीत. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, दाराकडे बघितलं, आणि वाचायला सांगितलं. तेही त्याच गावचे होते. त्यांना सगळं कळलं असणार असं मला तेव्हा वाटलं आणि धीर आला.

मग वाचन सुरू झालं. जवळच्या देवीच्या देवळातून लाउडस्पीकरवर गाणी येत होती, त्यामुळे मला खरोखरच ऐकू येत नव्हतं, आणि मी तसं सांगून कलमं पुन्हा वाचून घेतली. व्याख्या वाचल्या. परिशिष्टं वाचली. हप्ता चुकला तर व्याज किती, व्याज चुकलं तर पुढे काय, कंपनी विकली गेली तर आमचं काय, असे सुचतील ते प्रश्न मी विचारले. सुरुवातीला एकेक शब्द जुळवून बोलत होते. पुढे पुढे मजा यायला लागली. खिडकीतून झाडाखालची माणसं दिसत होती. कंपनीचे खरेदी मॅनेजर तिथे सगळ्यांना ताकाचे पेले देत हिंडत होते. उन्हात उभ्या माणसांची निदान एवढी तरी चाड आहे, असं मनात आलं आणि मी पुढच्या कलमाकडे वळले.

बाराला दोन मिनिटं असताना माझे प्रश्न संपले. बारा वाजले आणि दारात चपला काढल्याचे आवाज आले. शेजारचे शेडवाले पुढे आणि मागून सगळे पुरवठादार. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मी त्यांच्याकडे बघून हसले. ते समोर बघत होते.

चिठ्ठ्या गोळा झाल्या, मोजल्या गेल्या. अध्यक्षांनी निकाल वाचला. रकमेची कसोटी पार पडली होती, डोक्यांचीही. योजनेच्या विरोधात मत एक.

बाहेर पडताना शेजाऱ्यांनी मला गाठलं. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला मान्य करायला हवं. खरेदी मॅनेजरने झाडाखाली एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कंपनी चालू राहणार आहे, माल लागणार आहे, जो आज बरोबर राहील त्याला सहा महिन्यांची ऑर्डर मिळेल, आणि पैसे माल पोचल्यावर लगेच. "काय करणार, अम्मा? घरी मुली आहेत," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हीसुद्धा आमच्याबरोबर बाहेर थांबायला हवं होतं. तुमच्या साहेबांना पण ऑर्डर मिळाली असती."

मी बसमध्ये बसले आणि अण्णा नगर येईपर्यंत रागाने मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले. यांना सांगितलं तर यांनी एवढंच विचारलं, "शेजाऱ्याच्या जागी मी असतो तर तू काय म्हणाली असतीस?" त्या प्रश्नाचा मला त्याहून जास्त राग आला.

मी गप्प बसणार नव्हते. मंजुरीच्या सुनावणीला हरकत घेता येते असं समजलं, तेव्हा ओळखीच्या वकिलांकडून अर्ज लिहून घेतला. सभेची वेळ अशी ठेवली की छोटे लोक आत येणार नाहीत, आणि बाहेर त्यांना ऑर्डरींची लालूच दाखवली, असं त्यात लिहिलं. ऑर्डरींबद्दल शपथेवर सांगायला मात्र एकही पुरवठादार आला नाही. शेजाऱ्यांना मी विचारलंही नाही.

हायकोर्टात आमचा नंबर दुपारी लागला. न्यायमूर्तींनी अध्यक्षांचा अहवाल उघडला आणि त्यातला एक उतारा मोठ्याने वाचला. एका धनकोच्या आग्रहावरून संपूर्ण योजना कलमवार वाचण्यात आली, दोन्ही भाषांत समजावण्यात आली, सर्व प्रश्नांना उत्तरं देण्यात आली, आणि त्यानंतर बहुसंख्य धनको उपस्थित असताना मतदान झालं.

"आग्रह धरणाऱ्या त्या बाई कोण?" त्यांनी विचारलं.

आमच्या वकिलांनी माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहिले.

"इतकी नीट चाललेली सभा मी क्वचित पाहिली आहे," न्यायमूर्ती म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. हरकत फेटाळली. योजना मंजूर झाली.

दिवाळीच्या आधी आम्ही शेड रिकामी केली. एक लेथ भंगारच्या भावात गेली. दुसरी शेजाऱ्यांनी घेतली. हातात नव्या ऑर्डरी होत्या आणि त्यांना लेथची गरज होती. किंमत त्यांनी रास्त दिली, घासाघीस केली नाही. यांनी स्वतः जाऊन ती त्यांच्या शेडमध्ये बसवून दिली, लेव्हल लावून दिली, पितळ कापून दाखवलं. महिना गेला, पण त्या मशिनवर शेजाऱ्यांना हवा तसा हात असलेला माणूस मिळेना. एका रविवारी ते घरी आले, चहा घेतला, आणि यांना पगाराचा आकडा सांगितला.

सोमवारी हे सकाळी लवकर उठले. मी पोळ्या केल्या, भाजी केली, आणि डबा भरून दिला.