खबऱ्याला कोंडणारी रुदैना

डिसेंबरात हुकूमशहाची राजवट कोसळली तेव्हा सलमिया गावाच्या चौकात लोक नाचत होते. त्या गर्दीत शिवणकाम करणारी रुदैना ठणकावून म्हणाली, "आता सूड नको, कायदा हवा." तिचा नवरा तुरुंगात मेलेला, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन आलं. मोहल्ल्यानं तिला एकमतानं कारभार पाहणाऱ्या समितीवर निवडलं.

आणि मग मुंझिर सापडला. तिच्या नवऱ्याचं नाव पोलिसांना देणारा खबऱ्या तो हाच. लोक मागे लागले तसा तो जीव मुठीत घेऊन पळाला आणि नेमका तिच्याच दुकानात घुसला. तिनं शटर खाली ओढलं.

बाहेर तिचा दीर हातिम शटरवर लाथा घालत होता. "उघडा, वहिनी! माझ्या भावाला खाल्लंय यानं!"

"ठाऊक आहे. कोर्टात सांगा."

"कुठलं कोर्ट? तिथं कुत्री झोपताहेत!"

ते खरंच होतं. जुने न्यायाधीश पसार झाले होते, नवे आले नव्हते. तिनं पोलीस चौकीत फोन केला तर शिपाई म्हणाला, "आमच्या कोठडीला दारच नाही, बाई. ठेवा ना तुमच्याकडंच."

मग मुंझिर कापडाच्या गठ्ठ्यांमागे राहू लागला आणि तिलाही दुकान सोडता येईना. पाठ फिरली की लोक कुलूप तोडतील ही धास्ती. गिऱ्हाइकं आपापली कापडं परत घेऊन गेली. हातिमनं बोलणं टाकलं. ती मसुराचं सूप मुंझिरपुढं सरकवायची.

एकदा तो म्हणाला, "मीठ जरा कमी पडलंय."

तिच्या हातात कात्री होती. ती कशीबशी खाली ठेवून रुदैना मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

"फार उपकार केलेस माझ्यावर," तो म्हणायचा.

"तुझ्यावर नाही केले. गप जेव."

वसंतात कोर्ट उघडलं, पोलीस मुंझिरला घेऊन गेले. रुदैना साक्षीला उभी राहिली तर त्याच्या वकिलानं पहिलाच प्रश्न टाकला, "कुणाच्या अधिकारात माझ्या अशिलाला डांबलंत?"

मागे खसखस पिकली.

"अधिकार नव्हता," ती म्हणाली. "डांबलं होतं मी."

न्यायाधीशांनी तिचीच चौकशी लावली. नवऱ्याचं प्रकरण पुढं ढकललं, आणि तोवर गाव सोडायचं नाही असं तिला बजावलं.

पायऱ्यांवर हातिम उभा होता. "मिळाला कायदा?" इतक्या महिन्यांनी तो पहिल्यांदा बोलला होता. ती पायऱ्या उतरू लागली. मग तो तिच्याबरोबर घराकडं चालू लागला, दोन हात अंतर राखून.