स्टार्टरमधली काडी

शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात. मी वाजवल्या. मनोहरदादा, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, गेले. भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या कारखान्याने सभा ठेवली, साहेबांनी भाषण केलं आणि ते संपताच मास्तरकीत पंधरा ऑगस्टला लागलेली सवय माझ्या हातांनी पाळली. सभेत टाळ्या वाजवणारा मी एकटाच. साहेब तेवढे प्रसन्न झाले. ‘दादांचं सदैव सहकार्य लाभलं,’ असं नुकतंच म्हणाले होते... याच माणसाने दादांना संगणक विभागातून उचलून गोदामात बसवलं होतं.

कारखान्यात संगणक आला तेव्हा आम्ही सिहोरा गावची मंडळी चपला काढून, काचेतून त्याचं दर्शन घेऊन आलो होतो. दादांनी त्याच्यासाठी डीबगर तयार केला. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामात चूक दिसली की काम तिथेच थांबवून तिच्यावर बोट ठेवणारा प्रोग्राम. थोडक्यात, दादांचाच स्वभाव. साहेबांनी स्वतः रचलेला मालसाठ्याचा प्रोग्राम त्याच्यापुढे रोज अडखळायचा आणि वरच्या कचेरीतले पाहुणे तर तो बघायला येऊ घातलेले. मग साहेबांनी सुधारणा सुचवली: चूक सापडली तरी डीबगरने गप्प पुढे जावं अशी सेटिंग करा, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेतलं ‘चूक दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ हे वाक्य गाळा. तपासून अभिप्राय द्यायचा दादांनी. ‘योग्य’ लिहिलं तर विभागप्रमुख, नाही तर गोदाम, हे शिपायालाही ठाऊक होतं.

तो कागद घेऊन दादा रविवारी आमच्याकडे आले. ते ओसरीवर लाल पेन्सिल चावत बसले, मी विहिरीवर. मोटार सारखी ट्रिप होत होती, म्हणजे तिच्यावर ताण आला की स्टार्टर ती आपोआप बंद करत होता, म्हणून सगळा गाव करतो तेच मी केलं: बटन दाबलेलंच राहावं म्हणून स्टार्टरच्या बटनात काडी खोचली. मोटार सुरू! छाती फुगवून वळतो तर मागे दादा.

“जवाईबापू, काडी कायले खोचली?”

“घडीघडी बंद पडून राहिली ना, दादा. धानाच्या पऱ्ह्याले पाणी पायजे.”

“तिच्या पोटात दुखून राहिलं म्हणून ते सांगून राहिली, अन् तुमी तिच्या तोंडात काडी कोंबली. मास्तर ना तुमी?”

“अन् तुमचा साहेब?” मी चिडून विचारलं.

“त्यालेबी काडीच खोचाची आहे. फक्त तो तिले सुधारणा म्हणते.” त्यांनी काडी उपसली आणि विहिरीवरच्या खोपटाच्या वळचणीला खोवली. “राहू द्या. मी मेल्यावर कामी येईल.”

कागदावर त्यांनी लिहिलं: ‘चूक दाखवणे हा या प्रोग्रामचा दोष नसून नोकरी आहे. पुस्तिका बदलल्याने चूक बरोबर होत नाही.’ आठवड्यात गोदाम. संगणक पुन्हा कधी अडखळला नाही. गोदामात नसलेला माल मात्र कागदावर फोफावू लागला. दादा रोज ‘माल नाही’ असं वर कळवत, वरून उत्तर येत नसे. “कायले कळवता?” मी एकदा विचारलं. “डीबगरची सेटिंग बदलली त्यायनं. माही नाही.”

स्वतःच्या चुकीपेक्षा ती दाखवणारा ज्याला खुपतो, त्या माणसाला नमस्कार करायलाही हात उचलू नये. मी तर टाळ्या...

सभेहून बायको नि मी परतलो तो पऱ्हे सुकत चाललेले. मोटार लावली. बंद. पुन्हा लावली. बंद. माझी नजर वळचणीकडे गेली, नुसती नजरच. ती काडी अजून तिथेच होती. मागे बायको घागर घेऊन उभी.

“साहेबाले टाळ्या तं वाजवून आले,” ती म्हणाली. “घ्या, आता काडीबी खोचा.”