पिण्याजोगी

पोझ्गाई गेदेओनने कुठल्याही बिअरला ‘छान’ म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. त्याच्याकडे तीनच शेरे होते. वाईट असली तर ‘बिअर आहे’, बरी असली तर ‘चालेल’, आणि खरोखर मनात भरली तर ‘पिण्याजोगी’. हा तिसरा शेरा मिळावा म्हणून लोक ब्युक्कच्या डोंगरापलीकडून बाटल्या घेऊन माझ्या तळघरात यायचे आणि बहुतेक जण ‘चालेल’वर समाधान मानून परत जायचे.

माझं तळघर मिश्कोल्त्स गावातल्या आवाश टेकडीच्या पोटात आहे. माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी तिथे वाइनशिवाय दुसरं काही ठेवलं नाही. नवरा गेल्यावर मी पिंपं विकून टाकली आणि गावोगावच्या छोट्या भट्ट्यांची बिअर ठेवायला लागले, तेव्हा शेजारच्या तळघरवाल्यांनी अशी तोंडं केली, जणू मी चर्चमध्ये कोंबड्या पाळल्या होत्या. अजून त्यांच्यातले दोघं माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, कारण बोलत होते तेव्हाही त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं.

महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी दुपारी आमचं मंडळ जमायचं. चष्म्यांचं दुकान चालवणारा तिहामेर बाटल्यांना लोकरी मोजे घालून आणायचा, म्हणजे कुठली बिअर कुणाची ते कळू नये. मी पोगाचा, म्हणजे खारट छोटे पाव, भाजायची, पावाला चरबी लावून वर लाल कांदा चिरायची. गेदेओन भिंतीकडच्या बाकावर बसायचा. तो ट्रामचा ड्रायव्हर होता. जन्मभर याच गावात, याच रुळांवर. ड्रायव्हरच्या श्वासाला दारूचा वास आला तर नोकरी गेली, असा नियम. त्यामुळे बाकीचे रोज संध्याकाळी पीत तेव्हा हा महिन्यातून एकदा प्यायचा, सुट्टीच्या आदल्या दिवशी, आणि मग त्या एका पेल्याकडे असं लक्ष द्यायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा परीक्षेला बसलाय. त्याची जीभ तयार झाली ती अशी, उपासानं. कधी कुणी त्याला झिंगलेला पाहिला नाही, आणि हे तो स्वतः दर आठवड्याला कुणाला तरी ऐकवायचा.

त्याची पारख ऐकण्यात मजा असायची. गव्हाच्या बिअरचा वास घेऊन म्हणायचा, “केळं आहे, पण कालचं आहे.” आंबट चेरीची जिभेवर घोळवून, “ही चेरी झाडावरून आलेली नाही, बरणीतून आलीय.” धुरावर वाळवलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, कुणी मोठ्या अभिमानाने पुढे केली, तर सगळ्यांदेखत, “डुकराचं मांस झकास झालंय. बिअर कुठाय?” खसखस घातलेल्या काळ्या बिअरला मात्र एकदा त्याने ‘पिण्याजोगी’ म्हटलं होतं आणि ती बनवणारा देब्रेत्सेनचा गडी तिथेच रडला.

“अरे, एवढं काय आहे त्या शब्दात?” तिहामेरने तेव्हा विचारलं होतं.

“पेला संपल्यावर हात आपणहून दुसऱ्याकडे गेला पाहिजे,” गेदेओन म्हणाला. “तोंडाने कुणीही कौतुक करतं. हात खोटं बोलत नाही.”

पुढे जे झालं ते कळायला गेदेओनचा निळा मग माहीत हवा. त्याला मातीचा एक झाकणाचा मग लागायचा. दर बिअरनंतर तो त्यातलं सोडावॉटर पितो, अशी सगळ्यांची समजूत होती. भांडी घासणं माझ्याकडे. दोन हिवाळ्यांपूर्वी मी तो मग उचलला तर तो काठोकाठ भरलेला, आणि आत गव्हाची, चेरीची, काळी, सगळ्यांचा काला. सोडा एक थेंब नाही.

पुढच्या वेळी मी त्याला कोपऱ्यात गाठलं. “काय रे, माझ्या घरात येऊन थुंकतोस? थुंकायचं असेल तर वाइनवाल्यांकडे जा. ते थुंकतात.”

“हळू बोल, लेन्के. यकृत आहे.”

“किती प्यायचास रे तू?”

“बघ,” गेदेओन म्हणाला. “तूसुद्धा हेच विचारलंस.”

सैन्यात असताना त्याला कावीळ झाली होती. ती इतकी वर्षं आत दबा धरून बसली होती. दारूशी तिचा काही संबंध नव्हता. पण डॉक्टरने आता एक घोटही नाही, असं बजावलं होतं. यकृत म्हटलं की आमचे लोक बाटलीकडे बघतात. जन्मभर शुद्धीत राहिलेल्या माणसाला म्हातारपणी दारुडा ठरायचं नव्हतं. म्हणून तो मंडळात यायचा, वास घ्यायचा, जिभेवर घोळवायचा आणि मगात सोडून द्यायचा. मी कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे लोकांच्या याहून वाईट गोष्टी साठवलेल्या आहेत.

खरी पंचाईत झाली ती त्याच्या मुलीमुळे. एमोके त्याची एकुलती एक. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. नोकरी बरी होती, पण तिचा जीव स्वयंपाकघरातल्या पातेल्यात अडकलेला. तिने घरी एक कडू बिअर केली, भरपूर हॉपची कडवट फुलं घातलेली, रंगाने सोनेरी. मोजा घालून ती बाटली मंडळात आली. गेदेओनने वास घेतला. संत्र्याची साल, ताजं कापलेलं गवत. मलाही तो वास आला होता, खोटं कशाला बोलू. त्याने घोट जिभेवर फिरवला, निळा मग तोंडाला लावला आणि म्हणाला, “पिण्याजोगी.”

मोजा काढला तर एमोकेची बाटली. तिने बापाला मिठी मारली नाही. मला पोगाचा करू लागताना तिचे हात पिठाने भरले होते, आणि आमच्याकडे पिठाच्या हातांनी कुणी मिठ्या मारत नाही. ती फक्त म्हणाली, “बाबा, ओळखलं नव्हतंत ना?” त्याने खरंच ओळखलं नव्हतं. महिन्याभरात तिने नोकरी सोडली आणि दियोशग्यॉरच्या रस्त्याला एक गॅरेज भाड्याने घेऊन बिअरची भट्टी टाकली.

लेबलवर तिने मोठ्या अक्षरात छापलं: ब्युक्कच्या झऱ्याचं पाणी. आमच्या गावाला त्या पाण्याचा केवढा गर्व! डोंगरातल्या चुनखडीतून गाळलं जाऊन ते आमच्या नळाला येतं. पाहुणा आला की आधी नळाचं पाणी पाजायचं आणि त्याने ‘वा’ म्हणेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. किटलीत बोटभर पांढरा थर जमतो, पण तो आम्ही व्हिनेगरने काढतो आणि पुन्हा त्याच पाण्याची स्तुती करतो.

बिअर घेतली सगळ्यांनी. दोन-तीन पबवाल्यांनी एकेक पिंप घेतलं. दुसरं पिंप कुणी मागितलं नाही. माझ्याच तळघरात मी बघायची, लोक वास घेऊन खूश व्हायचे, पहिल्या घोटाला मान डोलवायचे, आणि पेला अर्धा झाला की बोलत बोलत तो बाजूला सरकवायचे. उठताना तो तसाच असायचा. विचारलं तर म्हणायचे, “मस्त आहे, मस्त आहे.”

उन्हाळ्याच्या शेवटी एका मंगळवारी दुपारी बापलेक माझ्याकडे आले. तळघरात दुसरं कुणी नव्हतं. एमोकेने एक अख्खी बाटली मेजावर ठेवली आणि मोठा पेला मागितला.

“बाबा, आज मोजा नाही, मंडळ नाही. लेन्केमावशी आहेत, पण त्या गप्प बसतील.”

“बघू,” मी म्हणाले.

“प्रयोगशाळेवाले म्हणतात, पहिल्या तारखेपासून परत कामावर येणार असशील तर सांग. मी भट्टी विकायला काढतेय. पण त्याआधी मला एवढंच कळू दे, की बिअर वाईट आहे का माणसं येडी आहेत. तुमच्या शब्दावर मी उडी मारली. तुम्ही पिण्याजोगी म्हणालात. मग पितं का नाही कुणी?”

गेदेओनने निळ्या मगाकडे पाहिलं. तो फळीवर होता. मी तो द्यायला उठलेसुद्धा. त्याने हाताने मला खाली बसवलं, पेला काठोकाठ भरला आणि प्यायला.

त्याला दंडाला धरून थांबवावं असं वाटलं, पण त्याच्या गुपिताची मी राखणदार, मालकीण नाही. तो सावकाश प्यायला, महिन्यातून एकदा प्यायचा तेव्हासारखा. चौथाई झाली तेव्हा चेहरा खुलला होता. अर्ध्यावर तो थांबला. पुन्हा प्यायला. एमोके त्याच्या कंठमण्याकडे बघत होती, तो वर जातोय, खाली येतोय. तळाशी आला तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं, पण पेला पालथा करूनच खाली ठेवला.

“कडूपणा जात नाही,” तो म्हणाला. “पहिल्या घोटाला नाही कळत. दुसऱ्याला नाही. पण तो जाऊन बसतो घशात, मग पुढचा त्याच्यावर बसतो, मग त्याच्यावर आणखी. अर्ध्या पेल्यावर माणूस कंटाळतो, त्याचं त्यालाही कळत नाही का ते. हॉप चांगले. माल्ट चांगला. खोट आहे ती पाण्यात.”

“आपलं पाणी?”

“आपलंच. चुना आहे त्यात. कडूला तो धरून ठेवतो.”

“पुस्तकात होतं तसं,” एमोके हळूच म्हणाली. “पण मला वाटलं, ते दुसऱ्यांच्या पाण्याबद्दल असेल.”

मला हसू आलं. त्या वेळी हसायला नको होतं. गावातल्या कुणालाही तेच वाटलं असतं, मलासुद्धा.

“या पाण्यात काळी कर,” गेदेओन म्हणाला. “करपवलेल्या माल्टला चुना लागतो. तिथे हेच पाणी सोनं आहे.”

एमोकेचा आवाज चढला. “आणि हे तुम्हाला आज कळलं? वर्ष होऊन गेलं, बाबा! दर महिन्याला तुम्ही तिथे त्या बाकावर बसून माझी बिअर पीत होतात. एका शब्दाने बोलला नाहीत?”

“पीत नव्हतो.”

“म्हणजे?”

“एकदाही प्यायलो नाही. आज पहिल्यांदा.”

मी फळीवरचा मग काढून तिच्यापुढे ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. यकृताचं त्यानेच सांगितलं, खाली बघून, शाळेत पकडलेल्या पोरासारखं. मला वाटलं होतं ती रडेल. ती भडकली.

“म्हणजे न पिता पिण्याजोगी म्हणालात? तुम्ही? जगाला नियम शिकवता, हात खोटं बोलत नाही म्हणता, आणि माझ्या वेळी नुसता वास घेऊन?”

“वास फार चांगला होता गं,” तो म्हणाला.

“आणि मग आज कशाला प्यायलात? एवढा मोठा पेला! अक्कल गहाण ठेवलीत का?”

“तू विचारलंस म्हणून.”

तिने त्याचा कोट उचलला, त्याला त्यात कोंबला आणि तिथून थेट इस्पितळात नेलं. वाटेभर ती ओरडत होती, असं नंतर त्याने सांगितलं, आणि ट्राममधले सगळे उतारू ऐकत होते, आणि ट्राम चालवणारा त्याचाच जुना सोबती होता. गेदेओनला काही दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरनेही ओरडून घेतलं. जीव शाबूत राहिला. आठवड्याच्या आत सगळ्या गावाला कळलं, की पोझ्गाई गेदेओनला यकृताचा त्रास आहे, आणि अपेक्षेप्रमाणे निम्म्या गावाने डोळे मिचकावले. तिहामेरने मात्र भर दुकानात एका गिऱ्हाइकाला सुनावलं, “तो माणूस दोन वर्षं माझ्यासमोर थुंकत होता आणि मला दिसलं नाही. चष्मा मलाच लावायला हवा. दारुडा म्हणे!”

एमोकेने प्रयोगशाळेला अर्ध्या दिवसासाठी होकार कळवला आणि भट्टी विकली नाही. सोनेरी बिअर बंद केली. उरलेली लेबलं माझ्याकडे आहेत, ती पालथी चिकटवून मी मुरंब्याच्या बरण्यांवर नावं लिहिते.

पानगळीत मंडळ जमलं तेव्हा मोजे घातलेल्या बाटल्यांमध्ये एक काळी होती. कुणाची ते न सांगताही कळत होतं, कारण एमोके बसल्या जागी चुळबुळ करत होती. गेदेओन नेहमीच्या बाकावर बसला होता. त्याच्यापुढे सोडावॉटर होतं, खरंखुरं, काचेच्या पेल्यात. निळ्या मगात मी आता लाकडी चमचे ठेवते.

त्याने काळीचा पेला उचलून वास घेतला, मग तो मुलीकडे सरकवला. “पी. आणि सांग.”

“मी कशी सांगू? माझीच आहे.”

“तू नुसतं घशात काय होतंय ते सांग. बाकीचं मी बघतो.”

ती प्यायली. “भाजलेल्या पावासारखी,” ती म्हणाली. “कॉफी. थोडे सुके आलुबुखार.”

“ते वासात आहे. पुढे?”

“कडूपणा आला.” ती थांबली. “गेला.”

“पुन्हा.”

तिने पुन्हा घेतली. आणखी एकदा. तो तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. त्याची नजर मेजावर होती. तिहामेरला धीर धरवेना. “अरे गेदेओन, काय ते बोलून टाक ना! चालेल का?”

“थांब. तिचं व्हायचंय अजून.”

पेला रिकामा झाला. एमोके तिहामेरला काहीतरी सांगायला वळली, माल्टबद्दल, तो किती वेळ भाजला त्याबद्दल, आणि बोलता बोलता, बाटलीकडे न बघता, तिने हात लांब करून आपल्या पेल्यात दुसऱ्यांदा ओतून घेतली.

“पिण्याजोगी,” गेदेओन म्हणाला.