गालोबाचा डावा गाल

त्याचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. गल्ली त्याला गालोबा म्हणायची. धंदा न्हाव्याचा. दुकानात एक खुर्ची, एक आरसा आणि वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक. बाक त्याच्या थोरल्या भावानं केलेला. भाऊ सुतार. याच भावानं अकरा वर्षांपूर्वी गालोबाला एक सणसणीत ठेवून दिली होती आणि तेव्हापासून बोलणंही टाकलं होतं.

झालं होतं असं. वडील गेले. शेवटची दाढी धाकट्यानं करायची आणि शवपेटी थोरल्यानं बनवायची, हे न सांगता ठरलेलं. थोरला पेटी घेऊन आला, बाबांच्या तोंडावरची चादर सारली आणि बघतो तर काय, चाळीस वर्षं सगळी गल्ली जिला ओळखत होती ती मिशी साफ!

"हे काय केलंस?"

"स्वच्छ दिसतंय," गालोबा म्हणाला.

थोरला डावरा. त्यामुळे चपराक बसली ती बरोब्बर उजव्या गालावर, तीही पाळकसाहेबांच्या देखत. गालोबानं ताबडतोब डावा गाल पुढे केला. पण समोर कोणीच नव्हतं. थोरला हातोडा उचलून बाहेर निघून गेला होता.

गालोबाला हे फार लागलं. चपराक नव्हे, शास्त्र अर्धवट राहिलं ते. उजव्या गालावर कोणी मारलं तर दुसराही पुढे करा, हे प्रभूचं सांगणं. आता मारणारे बहुतेक उजव्या हाताचे, त्यांची बसते डाव्या गालावर, म्हणजे इतरांची तिथंच पंचाईत. आपल्याला देवानं मुद्दाम डावरा भाऊ दिला, तो काय उगीच?

मग दर रविवारी उपासना संपली की गालोबा चर्चच्या दारात उभा. टोपी हातात, डोळे मिटलेले, डावा गाल पुढे. सकाळी तो गाल दोनदा घोटलेला असे, वर तुरटी फिरवलेली. थोरला शेवटच्या गीतालाच सटकू लागला. गालोबा गीताच्या आधीच दारात जाऊ लागला. एकदा तर थोरला, एवढा धिप्पाड माणूस, चर्चच्या मागच्या खिडकीतून उतरला. चौकट त्यानंच बसवलेली म्हणून टिकली. खाली गाल हजर होता. एकदा थोरल्याला शिंक आली, त्यानं तोंडापुढे हात नेला, तर गालोबा "आमेन" म्हणून मोकळा.

"काय गालोबा, पडली का या रविवारी?" गिऱ्हाईकं विचारायची.

"नाही अजून. मी केव्हाच क्षमा केलीय. त्यालाच घेता येत नाही."

हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर असा काही गोडवा पसरायचा की, देवा क्षमा कर, ऐकणाऱ्यालाच वाटावं आपण एक ठेवून द्यावी.

इकडे थोरल्यानं मिशी राखली होती, हुबेहूब बाबांची. गल्लीत न्हावी एकच, म्हणून ती तो स्वतःच कातरायचा. फळी सपाट बसली का ते बघायची बुडबुड्याची नळी ओठावर धरून कातरायचा, तरी वाकडी. गालोबाला बाकी सगळं सोसत होतं, ती वाकडी मिशी सोसवत नव्हती. आणि खरं सांगायचं तर भावाशिवाय त्याला करमतच नव्हतं. शनिवारी थोरला पूर्वी दाढीला यायचा त्या वेळेला तो अजूनही खुर्ची रिकामी ठेवायचा, बाकावर चार जण ताटकळत असले तरी.

अशात बातमी आली की थोरला दुकान दुसऱ्या गावी हलवतोय.

"आता गाल घेऊन कुठं जाऊ मी?" गालोबा बायकोला म्हणाला.

बायको टॉवेल वाळत घालत होती. "अहो, गाल कसला घेऊन बसलात? मिशीची माफी मागितलीत का कधी?"

"मार मी खाल्ला आणि माफीही मीच मागू?"

"गाल पुढे करायला मान ताठ लागते. माफी मागायला ती खाली घालावी लागते. दिवसभर दुसऱ्यांच्या माना वाकवता, एकदा स्वतःची वाकवून बघा."

गालोबा रागानं दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सुताराच्या दुकानात गेला. त्याला बघताच थोरल्यानं एक फळी उचलून तोंडासमोर धरली.

"दादा," गालोबा मान खाली घालून फळीला म्हणाला, "बाबांची मिशी माझ्या हातून गेली. चूक माझी. मला माफ कर."

फळी वीतभर खाली आली. "गाल कुठाय?"

"आज नाही आणला."

फळी पुन्हा वर गेली. गालोबा थोडा वेळ थांबला आणि घरी आला.

शनिवारी ठरल्या वेळी थोरला दुकानात आला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. मिशीकडे बोट दाखवून म्हणाला, "डावीकडून खाली आलीय. सारखी कर."

गालोबानं कात्री लावली. डावी बाजू जरा उचलली. तेवढ्यात डोळे भरून आले, आरसा दिसेना, भाऊ दिसेना, आणि डावी जास्तच उचलली गेली. मग उजवी तिच्या बरोबरीला आणली. ती आणखी वर गेली. मग पुन्हा डावी. बाकावरची माणसं श्वास रोखून बघत होती. कात्री थांबली तेव्हा मिशी संपली होती.

थोरला आरशात बघत राहिला. आधी स्वतःकडे, मग मागे नाक ओढत उभ्या असलेल्या भावाकडे.

"बाबांच्या वेळीही असंच झालं?"

"हो."

"रडत होतास?"

"काही दिसतच नव्हतं रे दादा."

"मग 'स्वच्छ दिसतंय' कशाला म्हणालास, गाढवा?"

"लाज वाटली."

थोरल्यानं डावा हात उचलला. जुन्या सवयीनं गालोबानं डोळे मिटले आणि डावा गाल पुढे केला. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. अकरा वर्षं वाट बघितली होती त्यांनी.

थोरल्यानं अंगावरच्या कापडाचं टोक धरलं आणि त्याचा डावा गाल पुसला. मग उजवाही पुसला, जरा जास्त वेळ.

"दुकान हलवायचं राहू दे," तो म्हणाला. "या तोंडानं दुसऱ्या गावी कोण ओळखणार मला?"

मग तो मागे रेलला आणि त्यानं मान वर केली. "आता दाढी कर. पण आधी पोटभर रडून घे. वस्तरा मग उचल."