कासद्यांचा मास्तर

१९९४ साल होतं. तो तेव्हा चौतीस वर्षांचा. दमून आला की जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा, एक चप्पल काढायचा, दुसरी काढायची विसरायचा आणि म्हणायचा, "अण्णा, सांगणारा कुठं उभा आहे, ते आधी बघायचं."

मी म्हणायचो, "आधी दुसरी चप्पल काढ."

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा आहे. तिथं मी जन्मभर स्वयंपाक केला आणि किल्ल्या सांभाळल्या. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. जन्म काशीतला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि मान खाली घालायची सवय दोन्हीकडं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी कुठं उभा आहे ते तुम्हाला कळेल.

तो विद्यापीठात मराठी शिकवायचा. नोकरी कच्ची, वर्षावर्षाच्या बोलीवर. वर्गात पाच-सहा मुलं, त्यातली निम्मी मराठी घरातली असून हिंदीत उत्तरं देणारी. आमच्या माडीवर एक खोली रिकामी होती ती त्याला दिली. आडनावाच्या शेवटी 'कर' होतं, बोलणं शुद्ध होतं, मी जास्त विचारलं नाही. सुरुवातीला अहो-जाहो केलं. मग तो माझ्या हातची खिचडी खायला लागला, तसं अरे-तुरे झालं.

विद्यापीठ शहराच्या त्या टोकाला. टेंपोत धक्के खात, मग गल्ल्या तुडवत तो यायचा तेव्हा त्याच्या बाहीवर खडू आणि चेहऱ्यावर धूळ असायची. तरी थेट वर जायचा नाही. स्वयंपाकघरात पाट ओढून शेंगा सोलायला घ्यायचा आणि उद्याचा धडा माझ्यावर चालवून बघायचा.

"सांगा अण्णा, गोष्टीत काय काय लागतं?"

"मीठ."

"कथानक लागतं. पात्रं लागतात. जागा आणि काळ. एखादी वस्तू, जी नुसती वस्तू राहत नाही. आणि सांगणारा."

"माझ्या आमटीत याहून जास्त जिनसा पडतात."

तो हसायचा. त्याचं हसणंही दमलेलं असायचं, शेवटी खोकल्यासारखं संपायचं. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा माणूस, जो झोपून उठला तरी ताजा दिसत नाही.

एकदा तो फारच गप्प आला. अभ्यासक्रमात आदिवासींवरची एक कथा होती, ती त्यानं शिकवली होती. मी म्हटलं, वाच मला. त्यानं वाचली. जंगल होतं, ढोल होता, एक उपाशी म्हातारा होता, आणि शेवटी सूर्य बुडत होता. मला बरी वाटली. म्हाताऱ्याची दया आली, तसं मी सांगितलं.

"मुलांनाही आली," तो म्हणाला. "एकीनं तर डोळे पुसले. पण अण्णा, यात सांगणारा कुठं उभा आहे?"

"जंगलात. आणखी कुठं?"

"जीपमध्ये बसलाय तो. काच वर केलेली आहे. म्हाताऱ्याला भूक लागलेली त्याला दिसते. त्याचं कूळ कुठलं, त्याच्या मेलेल्या बायकोचा खांब कुठं उभा आहे, ते त्याला दिसत नाही. म्हाताऱ्याला एक नावसुद्धा नाही गोष्टीत."

"तुला बरं ठाऊक?"

"मी कोरकू आहे, अण्णा. मेळघाटातला. तो म्हातारा माझा आजा असता."

मी भाजी ढवळत राहिलो. धर्मशाळेचं स्वयंपाकघर, सोवळ्याचं. याला आत येऊ द्यायचं की नाही, हा विचार माझ्या मनात आला हे खरं. पण तोवर चार महिने तो तिथंच बसून शेंगा सोलत होता आणि काशी जागच्या जागी होती. मी म्हटलं, "कोरकू तर कोरकू. साली टोपलीत टाक, बाहेर सांडतायत."

दिवाळीनंतर कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. त्याची आई गेली होती. तो गाव गाठेपर्यंत तिला पुरलं होतं. चार दिवसांत परत आला, कारण कच्च्या नोकरीला रजा नसते.

तेव्हा त्यानं मला त्यांची रीत सांगितली. मेलेल्या माणसासाठी ते सागाचा खांब कोरतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावरचा माणूस. सगळ्यांनी जमून, गाऊन तो रोवला की मेलेला आपल्या माणसांत जाऊन बसतो. तोवर तो वाटेतच.

"आईनं घोडा कधी जवळून पाहिला नव्हता," तो म्हणाला. "पण आता बसेल."

माघात रोवायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात इकडं पक्क्या नोकरीची मुलाखत निघाली. भावाला त्यानं फोनवर विचारलं, पुढं ढकलता येईल का. भाऊ म्हणाला, चार घरांचे खांब एकत्र रोवायचेत, चौघांनी मिळून गावाला जेवण घालायचंय, तुझ्या एकट्यासाठी कसं थांबणार? थोरला तू. ये, नाहीतर नको येऊ.

मग तो रोज दोन्ही चपला घालूनच पायरीवर बसायला लागला.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "अरे, जग मरायला आणि मेलेल्यांचं करायला इथं येतं, आणि तू इथून उठून जंगलात जाणार? काशीत केलं की सगळीकडं केलं. आपले भटजी आहेत. आईला तिळाचं पाणी दे, ती वाटेतून सुटेल. मग मुलाखत दे. पक्का हो."

त्यानं एक चप्पल काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "थकलोय अण्णा. करू."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही घाट उतरलो. धुकं होतं, पायऱ्या ओल्या होत्या. भटजी माझ्याहून लहान, माझ्याच डोळ्यांपुढं मोठा झालेला. त्यानं याला पाण्याशी बसवलं, बोटात दर्भ घातला, हातावर तीळ दिले.

"आईचं नाव सांगा. गोत्र सांगा."

त्यानं आईचं नाव सांगितलं. मग म्हणाला, "कासदा."

"हे कुठलं गोत्र?"

"आमचं कूळ. कासदा, म्हणजे नदीचा काठ."

"तसं गोत्र नसतं, भाई." भटजी चांगल्या आवाजात म्हणाला, त्यात हेटाळणी नव्हती. "हरकत नाही. ज्याला आपलं गोत्र माहीत नाही, त्याचं काश्यप. शास्त्रच आहे तसं. म्हणा, काश्यप."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"माझं गोत्र. मला माहीत आहे."

भटजीनं माझ्याकडं पाहिलं. मी खालच्या आवाजात म्हटलं, "म्हणून टाक रे. रोज पन्नास माणसं म्हणतात. तोंड झिजतं का?"

त्यानं हातातले तीळ बघितले. मग ते तसेच परत भटजीच्या पुडीत घातले, एकही न सांडता. दर्भ काढला, नमस्कार केला आणि उठला.

घरी स्वयंपाकघरात आल्यावर मी त्याला सोडलं नाही. "एका शब्दासाठी? मी शब्द टाकला होता भटजीकडं. आणि तुझी नोकरी? तुझ्या भावाला काय पडलंय, खांब रोवून तो मोकळा. तू पुन्हा कुठल्या गावी कच्चा मास्तर होऊन फिरणार?"

तो पाटावर बसला. "अण्णा, रागावू नका. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. पण ते काश्यपांच्या बाईला हाक मारणार होते. माझी आई तिथंच उभी असती आणि इकडंतिकडं बघत राहिली असती, कुणाला बोलावतायत म्हणून."

मी चुलीत लाकूड सारलं.

संध्याकाळी त्यानं वळकटी बांधली. पुस्तकांची पेटी माझ्याकडं ठेवली. रिक्षा मोठ्या रस्त्यापर्यंतच येते, म्हणून मी वळकटीचं एक टोक धरून गल्लीतून चालत गेलो. तो नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

रिक्षात बसताना मी विचारलं, "मग ती तुझी खरी गोष्ट कधी लिहिणार? म्हाताऱ्याला नाव असलेली?"

"आधी खांबापाशी उभा राहतो," तो म्हणाला. "मग बघू काय दिसतं ते."

मुलाखत झाली, दुसरा कोणी लागला. पुढं कधीतरी याचा एक विद्यार्थी येऊन पेटी घेऊन गेला. म्हणाला, सर तिकडंच आश्रमशाळेत शिकवतात, अजून दमलेलेच असतात. तो स्वतः परत आला नाही. माडीवरची खोली यात्रेकरूंना द्यायला लागलो. संध्याकाळी पायरीवर कोणी बसलं की अजून माझी नजर आधी त्याच्या पायांकडं जाते.

पण मला सांगायची आहे ती तो गेल्यानंतरची सकाळ. मी नेहमीसारखा घाटावर उतरलो. बापाला पाणी दिलं, आईला दिलं. मग पुन्हा ओंजळ भरली. छत्रीखालून भटजीनं विचारलं, "अण्णा, आता कुणाला?"

मी त्याच्या आईचं नाव सांगितलं. "कूळ कासदा."

"अण्णा, काल सांगितलं ना, तसं गोत्र नसतं."

"तू पाण्यात आहेस का मी?"

त्यानं तिळाची पुडी बांधून ठेवली. मंत्र म्हटला नाही. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि फार गार होतं. मी मराठीतच म्हटलं, बाई, मुलगा निघालाय, परवापर्यंत पोचेल, आणि ओंजळ सोडली.